पाणी न मागणारी चोवीस झाडं

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

घर मिळालं, आणि घरासोबत अंगण मिळालं! फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनाने ठरवतेस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. नीट वाच.

अंगण अठरा फूट लांब आणि अकरा फूट रुंद आहे. आकडा माझ्या नवऱ्याचा, म्हणजे तुझ्या जावयाचा, तेव्हा बोटभरही इकडेतिकडे नाही. दिवसभर लोकांच्या जमिनी मोजून त्याचं समाधान होत नाही, घरी आल्यावर तो आमचीही मोजतो. अंगणाला पश्चिमेचं ऊन आहे. सकाळी अकराला येतं ते सूर्य मावळेपर्यंत हलत नाही. दुपारी कुंपणाच्या भिंतीला पाठ टेकली तर पोळते. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी येतं, त्यात टाकी भरली तर भरली.

तरीही मी आल्या आल्या गुलाब लावले, जास्वंद लावली, मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातल्या मैत्रिणीने दिलेलं नेच्याचं रोप लावलं. तिन्ही पंधरवड्यात गेली. तुझा जावई म्हणाला की झालं समाधान, आता सिमेंट करून टाकू. त्याचंही खोटं नाही. त्याची मोजणीची यंत्रं ठेवलेली गाडी रस्त्यावर उन्हात उभी असते, ती आत घेता येईल, धूळ कमी होईल. पण आत्या, माझा जन्म तिसऱ्या मजल्यावर झाला, बालपण चौथ्यावर गेलं आणि लग्न करून मी दुसऱ्यावर आले. माझी म्हणावी अशी माती आयुष्यात पहिल्यांदा पायाखाली आली आहे, आणि ती मला झाकायची नाही. मी रडले, हे तुला सांगायला हरकत नाही.

मग आमचा करार झाला. त्याने चक्क कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. मी चोवीस झाडं लावायची. ३१ मेला त्यातली सोळा जिवंत असली तर अंगण मातीचं राहील. पंधरा असली तर १ जूनला गवंडी येईल. साक्षीदार म्हणून सासऱ्यांची, नानांची सही आहे. ते पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते, त्यामुळे सहीसुद्धा खात्याच्या पद्धतीने, तारीख आणि वेळ घालून केली.

तू तीस वर्षं नर्सरी चालवते आहेस. मला अशी झाडं सांग जी उन्हात हसतील आणि पाणी मागणार नाहीत. अशी असतात ना?

तुझी
ठमा


९ फेब्रुवारी

ठमे,

असतात की नाही म्हणून काय विचारतेस? माझ्या नर्सरीचा मागचा अर्धा भाग त्यांनीच भरला आहे. गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही, पुढच्या भागातल्या नाजूक, ओल्या, हिरव्यागार रोपांवर भाळतं आणि महिन्याने तोंड पाडून परत येतं. तूही तेच केलंस. पश्चिमेच्या उन्हात नेचा लावणारी भाची माझी आहे, हे मी इथे कुणाला सांगणार नाही.

झाड निवडताना फूल बघू नकोस, पान बघ. पान जाड आणि मांसल असेल तर ते आपलं पाणी स्वतःजवळ ठेवतं. पान बारीक, सुईसारखं असेल तर उन्हाला चाटायला जागाच मिळत नाही. पानावर करडी लव किंवा पांढरट पावडर असेल तर त्याने छत्री सोबत आणली आहे असं समज. आणि तुकडा मोडला की चीक येतो, ती मंडळी तर चिवटच.

मंगळवारी रोपांचा टेम्पो तुमच्या बाजूला येणार आहे, त्यात चोवीस पिशव्या चढवते. बोगनवेल तीन, कण्हेर तीन, चाफा दोन, अडेनियम तीन, घायपात दोन, कोरफड चार, रोझमेरी तीन आणि सदाफुली चार. कण्हेर विषारी असते, तोडल्यावर हात धू. घायपात वाटेपासून लांब लाव, तिची टोकं कुणाचीच गय करत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. खड्डा दीड फूट खोल घे. निघालेल्या मातीत तिसरा हिस्सा जाडी वाळू आणि बारीक खडी मिसळ. खत मूठभर, लाड नकोत. झाडं जमिनीपासून वीतभर उंचवट्यावर बसव. पाणी पहिला महिना आठवड्यातून एकदा, पण मुळापर्यंत पोचेल असं पोटभर. दुसऱ्या महिन्यात पंधरा दिवसांनी. त्यानंतर झाड मागेल तेव्हाच. रोज घोटघोट पाजलंस तर मुळं वरच लोळत राहतील आणि खाली जाण्याचे कष्टच घेणार नाहीत.

तुझ्या मोजणीदाराला सांग की मी चोवीस पाठवते आहे ती चोवीसच्या चोवीस जगायला. सोळाच्या गोष्टी त्याने कराव्यात.

आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

लागली! सगळी लागली! हाताला फोड आले आहेत आणि मी इतकी खूश आहे की दुकानात एका आजोबांना वाचनाचा तक्ता उलटा दाखवला. ते बिचारे तसाच वाचायला लागले.

टेम्पोवाल्याने पिशव्या उतरवल्या तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली. खड्डे घेताना अर्ध्या फुटावर जुन्या विटा लागल्या. कुदळ चालेना. मी हात टेकणार तेवढ्यात तुझा जावई आतून तिपाई आणि यंत्र घेऊन आला. विरोधी पक्षाचा माणूस, पण ओळ वाकडी झालेली त्याला बघवेना. त्याने विटांचा जुना पाया कुठवर आहे ते मोजलं, तो टाळून दोरी बांधली, चुन्याने चोवीस खुणा केल्या आणि प्रत्येक झाडाला नंबर दिला. एक ते तीन बोगनवेल, भिंतीला लागून. तेवीस आणि चोवीस घायपात, कोपऱ्यात. मी म्हटलं, अरे, तू हरावंस म्हणून मदत करतो आहेस का? तो म्हणाला, मोजणी चोख असली म्हणजे नंतर वाद नको.

नाना पायरीवर बसून सगळं बघत होते. ते फार बोलत नाहीत. तुला सांगितलं नव्हतं, पण गेल्या वर्षी जुन्या घरी त्यांच्या हातून नळ उघडा राहिला आणि इमारतीची टाकी रिकामी झाली. त्यांच्या मुलाने चार शेजाऱ्यांसमोर त्यांना सुनावलं. ज्या माणसाने अर्ध्या शहराचं पाणी हाताने सोडलं आणि बंद केलं, त्याला नळावरून बोलणी बसली. तेव्हापासून ते घरातल्या नळाला हात लावत नाहीत. बाप-लेकात कामापुरतं बोलणं होतं. पण परवा मी पाणी घालत होते तेव्हा ते म्हणाले, "एवढंच? आता आठ दिवस काही नाही?" मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलं नाही हे दिसत होतं.

बोगनवेलीला नवा कोंब आला आहे. दोन नंबरला. मी रोज सकाळी हजेरी घेते.

ठमा


१० मार्च

ठमे,

हजेरी घे, पण गोंजारू नकोस. सारखी माती उकरून मुळं आली का बघण्याची तुला खोड आहे, लहानपणी तू माझ्याकडची वाटाण्याची बी रोज उपसून बघायचीस. पंधरा दिवसांनी फक्त पाणी, बाकी हात मागे बांधून उभी राहा. इथे कलमं बांधण्याची घाई आहे, म्हणून एवढंच.

आत्या


११ एप्रिल

प्रिय आत्या,

काहीतरी बिघडलं आहे. तुला लिहू नये, आपणच निस्तरावं असं म्हणत तीन आठवडे काढले. आता पाच गेली आहेत, त्यामुळे लिहिते.

आधी रोझमेरी गेली. तिन्ही. पानं तपकिरी झाली, मला वाटलं उन्हाने. मग दोन अडेनियम. त्यांचं फुगीर खोड बोटाने दाबलं तर आत जातं, जास्त पिकलेल्या केळ्यासारखं. कोरफडीची पानं पिवळट, पारदर्शक झाली आहेत. बोगनवेलीचं उलटंच. ती नुसती पानं काढते आहे, हिरवीगार, हातभर लांब फांद्या, आणि फुलाचा पत्ता नाही. तुझा जावई फक्त गेलेल्या नंबरावर लाल खडूने फुली मारतो. ते बोलण्यापेक्षा वाईट आहे.

ऊन जास्त झालं का? पाणी वाढवू का? एकोणीस उरली आहेत. अजून चार गेली की संपलं.

ठमा


१६ एप्रिल

ठमे,

पाणी वाढवू का म्हणे! तूच पाणी घालते आहेस. नाही म्हणू नकोस. खोड मऊ, पान पारदर्शक, बोगनवेल पानांनी माजलेली, ही सगळी पाण्याची लक्षणं आहेत. उन्हाने मेलेलं झाड कोरडं, कडक मरतं. मऊ पडून मरतं ते प्रेमाने मरतं. तीस वर्षांत मी गिऱ्हाइकांच्या हातून तहानेने गेलेली झाडं मोजकी पाहिली, बुडून गेलेली शेकड्याने.

मेलेलं एक रोप उपट आणि मुळांचा वास घे. कुजकट वास आला तर मला उत्तर लिहायची तसदी घेऊ नकोस, नुसता हात आवर. मी तुला चोवीस धडधाकट रोपं दिली होती.

आत्या


२३ एप्रिल

आत्या,

वास आला. पण मी घातलं नाही, कुणाचीही शपथ घालून विचार. तुझं पत्र वाचून मला फार लागलं. मग विचार केला की मी नाही तर कोण, आणि काल उजाडता उजाडता स्वयंपाकघराच्या खिडकीमागे जाऊन उभी राहिले.

नाना होते. हातात मोठी बादली आणि फुलपात्राएवढा लहान तांब्या. एक नंबरपासून सुरुवात केली, प्रत्येक झाडाला एक तांब्या, ओळीने. मेलेल्यांनाही. सगळं झाल्यावर पुन्हा सुरुवातीला आले आणि दुसरा तांब्या. मग झाडून माती सारखी केली, की ओल दिसू नये. आणि पाणी कुठलं, माहीत आहे? नळाचं नाही. त्यांच्या आंघोळीच्या बादलीतलं. ते अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतात आणि उरलेली अर्धी झाडांना घालतात. मार्चपासून, रोज.

मला राग यायला हवा होता. आला नाही. दिवसभर लोकांच्या डोळ्यांना चष्मे लावते आणि माझ्या घरातलं मला दीड महिना दिसलं नाही.

आठ गेली. अजून दोन कोरफडी आणि एक चाफा. चार डळमळीत आहेत: उरलेलं अडेनियम, दुसरा चाफा, एक घायपात, एक सदाफुली. म्हणजे उरली बरोबर सोळा, त्यातली चार आजारी. मी मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काही सांगणार नाही. अंगण गेलं तरी चालेल. पाण्यावरून त्या माणसाची मान पुन्हा एकदा खाली गेलेली मला बघायची नाही. आणि नानांना कसं सांगू तेही कळत नाही. आज मी फक्त एवढं म्हटलं की माती ओली वाटते. ते म्हणाले, दव पडत असेल.

तू कुणाला बोलू नकोस.

ठमा


२८ एप्रिल

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

आपली ओळख लग्नात झाली तेवढीच. मी ठमाची आत्या, झाडंवाली. आज कामासाठी लिहिते आहे.

आमची ठमा हौशी आहे, पण पाण्याचं गणित तिला जमत नाही. माझ्या माहितीत पाण्याची खरी जाण असलेले आपण एकटेच. कुठल्या भागाला किती वेळ सोडायचं आणि नेमकं कधी बंद करायचं, हे आपण चौतीस वर्षं केलंत असं ऐकून आहे. ही झाडंही तशीच आहेत. त्यांच्याबाबतीत सोडण्यापेक्षा बंद करण्याला महत्त्व. एक काठी मातीत वीतभर खुपसावी. ओली निघाली तर त्या झाडाचा व्हॉल्व्ह बंद. कोरडी ठणठणीत निघाली, तरी आणखी चार दिवस थांबावं. नंबर तर आपल्या चिरंजीवांनी दिलेच आहेत. एवढी जबाबदारी आपण घेतलीत तर मी निश्चिंत होईन.

आपली,
ठमाची आत्या


७ मे

विहीणबाईंना सविनय नमस्कार.

आपलं पत्र दिनांक पाच रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मिळालं. दोनदा वाचलं. आपण फार सांभाळून लिहिलं आहे. तरी मला समजलं. सूनबाईने पाहिलं असणार. त्या दिवसापासून ती मला जास्त साखर घालून चहा देते.

आठ झाडं माझ्या हातून गेली. मी कोरडी माती बघू शकत नाही, हा माझा दोष आहे. नोकरीत असताना कोरड्या नळाखाली उभे असलेले लोक मी पाहिले आहेत. ही झाडं त्या ऊन भिंतीशी उभी होती आणि आपण कागदावर लिहिलं होतं, आठ दिवस काही नाही. मला राहवलं नाही. पाणी मी माझ्या वाट्यातलं दिलं, घरचं घेतलं नाही, एवढं कृपया लक्षात घ्यावं.

काठी तयार केली आहे. तिच्यावर इंचाच्या खुणा केल्या आहेत. रोज सकाळी सहा वाजता सोळाही ठिकाणी तपासणी करतो आणि वहीत नोंद ठेवतो. गेले दोन दिवस सर्व ठिकाणी "बंद" अशी नोंद आहे. पाणी न देणं हेही काम असतं, हे मला या वयात शिकायला मिळालं. अवघड आहे. बादली दिसते आणि हात शिवशिवतात.

घायपात सावरते आहे. सदाफुलीला चार नवी पानं आहेत. चाफ्याबद्दल मी आशा ठेवत नाही.

एक विनंती. चिरंजीवांना हे कळू नये. आमच्यात आधीच फारसं उरलेलं नाही.

आपला,
ठमाचे सासरे


३० मे

प्रिय आत्या,

तू इथे असायला हवी होतीस. बोगनवेल फुटली! पाणी थांबल्यावर तीन आठवड्यांत सगळ्या माजलेल्या फांद्यांच्या टोकांना रंग आला. तिन्ही मिळून भिंत दिसेनाशी झाली आहे. त्या भिंतीला हात लावून बघितला, संध्याकाळी पाचलाही कोमट. कण्हेरीला गुलाबी झुपके आहेत. सदाफुली तर भर दुपारी, कावळासुद्धा सावली शोधतो त्या वेळी, टक्क उघड्या डोळ्यांनी उभी असते. रस्त्याने जाणारे थांबतात. समोरची शिंपीण दोनदा कात्री हातात घेऊन फांदी मागायला आली. मी दुकानातून धावत घरी येते, आत्या, खरंच धावत.

आणि नाना! काठी घेऊन हिंडतात. माझ्याशी झाडांबद्दल बोलतात. नऊ नंबरला आज थांबवलं, वगैरे. आम्ही दोघंही त्या पहाटेबद्दल बोलत नाही.

पण चौदाच आहेत. अडेनियम गेलं आणि चाफाही बुंध्यातून गेला. दोन कमी पडली. उद्या मोजणी आणि परवा गवंडी. काल मी नवऱ्याला विचारलं, एवढी फुललेली भिंत बघून तरी? त्याने भिंतीवरून सुटलेली एक फांदी परत वर सारली. मग म्हणाला, "मलाही आवडलंय. पण चोवीसातली दहा तीन महिन्यांत मेली. पुढच्या उन्हाळ्यात उरलेली मरतील. कारण कळलं असतं तर गोष्ट वेगळी."

कारण मला माहीत आहे. नानांना माहीत आहे. तुला माहीत आहे. मी तोंड मिटून घेतलं. बोगनवेली टेम्पोत घालून तुझ्याकडे परत पाठवता येतील का? मुळं आता खाली गेली असतील ना?

ठमा


३ जून

विहीणबाईंना सविनय नमस्कार.

सूनबाई आज स्वतः लिहिणार होती. मी म्हटलं, हे मला लिहू दे.

दिनांक एक रोजी सकाळी साडेआठला गवंडी आला. सोबत वाळू आणि सिमेंटची सहा पोती. चिरंजीवांनी त्याला उतार कुठे काढायचा ते दाखवायला सुरुवात केली. सूनबाई आत भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा घासत होती, तो आवाज मला पायरीवर ऐकू येत होता. मी वही घेऊन उठलो आणि चिरंजीवांच्या हातात दिली.

मी म्हटलं, "ही झाडं उन्हाने गेली नाहीत. मी मारली. रोज दोन तांब्ये, दोन महिने. मी बंद केल्यापासून आजारी होती त्यातली दोनच गेली, बाकीची सावरली. नोंद आहे."

गवंडी समोर होता. पण त्याचं मला त्या वेळी काही वाटलं नाही.

चिरंजीवांनी वही चाळली. पानं उलटताना ते चिडणार असं मी धरून चाललो होतो. त्यांनी विचारलं की पाणी कुठलं घातलं. मी सांगितलं, माझ्या आंघोळीचं. त्यावर ते पोत्यावर बसले. असे ते कधी बसत नाहीत, कपड्यांना जपतात.

मग म्हणाले, "नाना, तुम्ही चौतीस वर्षं आपल्या गल्लीला सगळ्यांत शेवटी पाणी सोडलंत. शेजारचे नळ वाहायचे आणि आई बादली घेऊन बसून राहायची. मी कितीदा शाळेत आंघोळ न करता गेलोय. मला वाटायचं, तुम्हाला सगळ्या गावाची काळजी आहे, आमची नाही."

विहीणबाई, हे त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. माझं म्हणणं एवढंच होतं की व्हॉल्व्हमनच्या घरी आधी पाणी येतं असं कुणी म्हणू नये. ते मी त्यांच्या आईलाही कधी नीट सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं. घराला मी कधी पोटभर पाणी दिलं नाही. आता हातात अर्धी बादलीच उरली होती, ती दिली. तीही चुकीच्या ठिकाणी."

चिरंजीव रडले. मीही. सूनबाई ओल्या हातांनी बाहेर आली आणि तीही. गवंडी सभ्य माणूस, तो बोगनवेल बघत उभा राहिला. शेवटी त्यानेच विचारलं की साहेब, पोती ठेवू की परत नेऊ. चिरंजीव म्हणाले, न्या. आणि वाळू मात्र ठेवा, ती झाडांच्या खड्ड्यांना लागणार आहे.

करार त्यांनी फाडला नाही. त्यांचा स्वभाव तो नाही. त्याच कागदाखाली लिहिलं की मृत्यूचं कारण समजल्यामुळे मुदत एक वर्ष वाढवण्यात येत आहे, आणि तिघांच्या सह्या घेतल्या. गाडी रस्त्यावरच राहील. तिच्यासाठी ते ताडपत्री शिवून घेणार आहेत, समोरच्या शिंपिणीकडून, बोगनवेलीच्या फांदीच्या बदल्यात.

तरी आपल्या पुढच्या टेम्पोत दहा रोपं पाठवावीत. रोझमेरी तीन, अडेनियम तीन, कोरफड दोन, चाफा दोन. खड्डे काल घेऊन झाले, चिरंजीवांनी खणले आणि मी खोली मोजली. पाणी मी एकटा घालणार नाही. ज्या दिवशी घालायचं असेल त्या दिवशी त्यांनी बादली धरायची आणि मी तांब्या, असं आमचं ठरलं आहे.

आपला,
ठमाचे सासरे